मोठ्या कुकेरचा कुत्रा

ज्या वर्षी ब्रेस्तोव दोल गावानं स्तामेनला मोठा कुकेर केलं, त्याच वर्षी त्याच्या कुत्र्यानं त्याच्याशी संबंध तोडले. पहिल्या गोष्टीसाठी स्तामेननं अर्धं आयुष्य वाट बघितली होती. दुसरी त्यानं स्वतःच्या हातानं, एका दुपारी, स्वयंपाकघरात घडवून आणली.

मोठा कुकेर म्हणजे काही सरपंच नव्हे. पण आमच्या तुंजा नदीकाठच्या गावांत सरपंचाला विचारतो कोण? ईस्टरच्या मोठ्या उपवासाआधीच्या रविवारी पुरुष कुकेर होतात: बोकडाची केसाळ कातडी अंगावर चढवतात, शिंगादातांचे लाकडी मुखवटे घालतात, कमरेला कलिंगडाएवढ्या घंटा बांधतात आणि घरोघरच्या अंगणात उड्या मारतात. त्या दणक्यानं वर्षाची इडापिडा गावाबाहेर पळते. ज्या अंगणात घंटा वाजली नाही तिथं ती मुक्कामाला राहते, असं म्हातारी माणसं सांगतात. तरुण पोरं या बोलण्याला हसतात, पण आपलं अंगण चुकवू मात्र देत नाहीत. आणि या सगळ्यांच्या पुढे चालतो तो मोठा कुकेर. तो थांबला की सगळे थांबतात, तो उडेल तेव्हाच बाकीचे उडतात.

स्तामेन एरवी पावाची गाडी चालवायचा. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर दुकान नाही, तेव्हा सकाळी गाडीचा भोंगा वाजला की बायका पिशव्या घेऊन रस्त्यावर येत. गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर मुर्जो बसलेला असे. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. जात विचाराल तर नदीच्या दोन्ही काठांवरच्या सगळ्या कुत्र्यांचं त्याच्यात थोडं थोडं होतं. बायका आधी मुर्जोची विचारपूस करत, मग पावाची, आणि वेळ उरलाच तर स्तामेनची.

या गुणी कुत्र्याला भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे कुकेरांच्या घंटा. गेल्या वर्षी पहिला दणका झाला आणि मुर्जो फाटकाखालच्या बोटभर फटीतून कसा निसटला ते देव जाणे. डांबरी सडक ओलांडून, शेतं तुडवत तो पार पलीकडच्या गावात पोचला. तिथल्या शेळ्यांच्या गोठ्यात तो सापडला तेव्हा त्याचा पंजा फाटलेला होता आणि अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. तो सापडेपर्यंत स्तामेनची बायको दोन्का घरात रडत होती. स्तामेनही रडला, पण त्यानं सर्दी झाल्याचं सांगितलं.

आता या वर्षी त्याचा मालकच मोठा कुकेर. गुत्त्यात व्लाइकोला हे आयतंच सापडलं. हा व्लाइको गावचा सुतार, मुखवटे करणारा, आणि जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय रे स्तामेन, घंटेला भिऊन पळतं ते काय असतं?" त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"इडापिडा," कोणीतरी म्हणालं.

"मग आमच्या मोठ्या कुकेरनं ती घरातच पाळलीय की! आणि रोज सकाळी गाडीत बसवून पाव वाटायला नेतो. शाबास!"

सगळा गुत्ता खदखदला. स्तामेनही हसला. पण हसणं ओठांवर राहिलं आणि बोलणं पोटात जाऊन बसलं. रविवारी आपण मिरवणुकीच्या पुढे, आणि आपला कुत्रा पलंगाखाली मुतून बसलेला. सगळं गाव बघणार. छे! याला शिकवलंच पाहिजे.

त्याचा विचार तसा चुकीचा वाटत नव्हता. कुत्रा भितो कशाला? मुखवट्याच्या आत कोण आहे ते त्याला ठाऊक नाही म्हणून. एकदा कळलं की आत आपलाच मालक आहे, की भीती संपली. इतकं साधं! आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचंच स्तामेनला नवल वाटलं. शहाणपण असं अचानक सुचतं तेव्हा माणसानं जरा दोन घोट पाणी पिऊन थांबावं, पण सांगणार कोण? दोन्का बहिणीकडे गेली होती.

त्यानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि मुर्जोसमोरच एकेक गोष्ट चढवायला सुरुवात केली. कातडं चढलं तसं मुर्जोनं तोंड दुसरीकडे फिरवलं. घंटांचा पट्टा बांधला तेव्हा त्यानं नाक चाटलं आणि मग जबडा फाटेल एवढी जांभई दिली.

"झोप येते होय रे लबाडा? थांब, उडवतो तुझी झोप."

मुखवटा चढला. मुर्जो मागे सरकत सरकत शेगडी आणि भिंतीच्या सांदीत गेला. शेपूट पोटाखाली, डोळ्यांची पांढरी कड दिसायला लागलेली. तिथून तो गुरगुरला.

"माझ्यावर? माझ्यावर गुरगुरतोस?" स्तामेन मुखवट्यातून ओरडला. "गप! एकदम गप!"

मुर्जो गप झाला. स्तामेनला वाटलं, चला, धडा लागू पडतोय. तो घंटा दणाणत उडाला, आणि पुन्हा उडाला. तिसऱ्या उडीला मुर्जोनं काही न सांगता झेप घेतली आणि त्याच्या बाहीचं केसाळ कातडं दातांत पकडलं. पुढच्या क्षणी सोडून तो पुन्हा सांदीत दडला. त्याच्याखाली फरशीवर ओघळ पसरला.

स्तामेननं घाईघाईनं मुखवटा काढला. "अरे वेड्या, मीच आहे की! बघ ना, मीच!"

मुर्जोनं बघितलं. आणि इथेच सगळं उलटं झालं. मुखवट्यात स्तामेन आहे, हे कुत्र्याला कळावं म्हणून हा सारा खटाटोप होता. कुत्र्याला कळलं ते हे, की स्तामेनच्या आत तो राक्षस राहतो.

दार उघडून दोन्का आत आली. तिनं ओली फरशी बघितली, सांदीतला कुत्रा बघितला, आणि बोकडाच्या कातड्यात घामाघूम झालेला नवरा बघितला.

"कुठल्या शत्रूनं शिकवलं तुला हे?" ती म्हणाली.

"त्याची भीती घालवत होतो."

"घातलीस की! घालवायची कुठली, पुरती घातलीस. नाहीतरी गाढवांना अंगण पुरत नाही, स्वयंपाकघर लागतं."

त्या दिवसापासून मुर्जो त्याला टाळायला लागला. स्तामेन दारातून आत आला की तो उठून दुसऱ्या खोलीत जाई. हाक मारली तर कान मागे पाडून जमिनीकडे बघत राही. हातातला तुकडा घ्यायचा नाही; स्तामेन बाहेर गेला की मग दोन्काच्या हातून खायचा. सकाळी गाडीचं दार उघडून स्तामेन शीळ घाली आणि मुर्जो अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभा राही. स्तामेन एकटाच निघे. रिकाम्या सीटवर त्यानं पावाची टोपली ठेवून बघितली, मग काढून टाकली. ती बघून जास्तच वाईट वाटायचं.

वाटेवरच्या बायका विचारत, "मुर्जो कुठाय?"

"थंडी बाधलीय त्याला."

"मग मधात घोटभर राकियाची दारू घालून दे."

"देतो," स्तामेन म्हणे आणि भोंगा वाजवून पुढे निघे. खोटं बोलायचं दुःख नव्हतं. पण इतकी वर्षं शेजारी बसणारा जीव आपल्याला भितो, हे त्याला सोसवत नव्हतं. त्याला आयुष्यात कोणी कधी भ्यालं नव्हतं. दोन्का तर नाहीच.

शेवटी तिनंच त्याला आणि मुर्जोला गाडीच्या मागच्या बाजूला बसवलं, स्वतः चाक हातात घेतलं आणि तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टर गांचेवांकडे नेलं. वाटभर मुर्जो तिच्या सीटखाली नाक खुपसून बसला होता.

"खात नाही हो नीट," स्तामेन डॉक्टरांना म्हणाला. "पोटात काहीतरी असेल."

डॉक्टरबाईंनी मुर्जोला टेबलावर घेतलंच नाही. त्या स्वतः जमिनीवर बसल्या, त्याच्याकडे अंग तिरकं करून, जणू भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला आल्या होत्या. थोड्या वेळानं मुर्जोनं त्यांची चप्पल हुंगली, मग कोपर. तेव्हा कुठे त्यांनी त्याचं पोट चाचपलं, दात बघितले, पंजा बघितला.

"पोटात काही नाही. डोक्यात आहे. काय केलंत स्तामेनकाका?"

"मी? काही नाही."

"मी सांगते," दोन्का म्हणाली, आणि तिनं उड्यांसकट सगळं सांगितलं. डॉक्टरबाईंनी हसू दाबण्यासाठी खिडकीबाहेर बघितलं. मग मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"काका, त्यानं आधी तोंड फिरवलं होतं?"

"हो."

"नाक चाटलं? जांभई दिली?"

"दिली की. मला वाटलं झोप आलीय."

"भरदुपारी, घंटा बांधलेल्या माणसासमोर कोणाला झोप येते? ती सगळी विनवणी होती. 'मला हे नको, लांब हो.' तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून तो गुरगुरला. गुरगुरणारं कुत्रं भलं, काका. ते आत शिरायच्या आधी दार वाजवतं. तुम्ही त्याला दार वाजवायलाही बंदी केलीत. मग तो न वाजवताच आला. बाहीवर भागलं हे तुमचं नशीब, आणि त्याचंही. एखाद्या पाहुण्याच्या पोराच्या तोंडावर गेला असता, तर आज हा कुत्रा राहिला नसता."

स्तामेननं टोपी काढून हातात घेतली आणि तिची कड चुरगाळत बसला. "मग आता मारू नको, ओरडू नको, ते सगळं कळलं. पण तो परत येणार का माझ्याकडे?"

"तुम्ही त्याच्याकडे गेला नाहीत तर येईल. जमिनीवर बसा, असं, तिरकं. डोळ्यांत डोळे घालू नका, हाक मारू नका, वर वाकून हात फिरवायला जाऊ नका. चीजचे तुकडे बाजूला टाका आणि आपलं काम करा. किती जवळ यायचं ते त्याला ठरवू दे."

"आणि घंटा?"

"एक छोटी घंटा फडक्यात गुंडाळून लांबच्या खोलीत दोन्काकाकूंनी हलवायची, आणि इकडे लगेच चीज. मान ताठ झाली, खाणं थांबलं, की तिथेच थांबायचं. पण रविवारपर्यंत काही होणार नाही, खोटी आशा ठेवू नका. काही कुत्र्यांचं वर्षानुवर्षं होत नाही. त्या दिवशी त्याला मागच्या खोलीत ठेवा. खिडक्या लावा, रेडिओ लावा, चघळायला काहीतरी जाड द्या. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून घशात जातात. साखळीनं बांधू नका. गळ्यात फोन नंबरची पट्टी घाला. आणि दोन्काकाकू, तुम्ही घरीच थांबा." मग त्यांनी बजावलं, "आणि तुमच्या अंगणात घंटा वाजवू नका."

"मोठ्या कुकेरच्या अंगणात?" स्तामेन जवळजवळ उठलाच. "अहो, गाव काय म्हणेल!"

"ते मला नाही माहीत. मी कुत्र्यांची डॉक्टर आहे."

मग स्तामेन रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसायला लागला. गुडघे कुरकुरत, कंबर धरे, दोन्काला त्याच्यावरून पाय टाकून शेगडीकडे जावं लागे. "उठवणारी क्रेन आणू का?" ती विचारायची. तो शेंगा सोलायचा, जुने पट्टे शिवायचा, आणि मुर्जो जिथे असेल तिथे न बघता चीज टाकायचा. मुर्जो दाराच्या चौकटीतून अंग लांब ताणून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून, तुकडा उचलायचा आणि मागे जायचा. पुढे पुढे तो तुकडा तिथेच खायला लागला. एकदा तर स्तामेनच्या बुटाजवळचा तुकडा त्यानं खाल्ला आणि बूटही हुंगला. त्या रात्री स्तामेननं दोन्काला ते पुन्हा पुन्हा सांगितलं. हातातला तुकडा मात्र त्यानं घेतला नाही तो नाहीच.

या बसण्यात स्तामेनला एक नवीनच उद्योग लागला होता. कुत्रा बघायचा. इतकी वर्षं घरात असलेला प्राणी त्यानं कधी नीट बघितलाच नव्हता. शेपूट हलतं म्हणजे आनंद, असं तो समजत होता. आता दिसलं की उंच ताठ हलणारं शेपूट वेगळं आणि कमरेसकट सैल हलणारं वेगळं. पाठीवर उलटा पडून पोट दाखवणं कधी लाड असतो, कधी 'सोड मला' असतं. त्याला गंमत वाटायची आणि लाजही. माणसानं शेपूट घातलं तर आपण त्याला भेकड म्हणतो. कुत्रा बिचारा आपल्या तोंडानं सांगू शकत नाही, तो शेपटीनं सांगतो, आणि आपण त्यालाही भेकडच म्हणतो.

रविवार उजाडला. कपडे चढवायला स्तामेन घरी थांबलाच नाही, व्लाइकोच्या सुतारशाळेत गेला. मुर्जो मागच्या खोलीत, रेडिओवर कुठलंसं लग्नातलं क्लॅरिनेट, तोंडात बैलाच्या कातड्याची जाड गुंडाळी. दोन्का दारात खुर्ची टाकून बसली.

मिरवणूक निघाली. काय ते रूप! वीसपंचवीस केसाळ राक्षस, शिंगं आभाळात, घंटांच्या दणक्यानं छपरांवरची कबुतरं उडालेली. सगळ्यांच्या पुढे स्तामेन. ज्या क्षणासाठी त्यानं एवढी वर्षं वाट बघितली, तो क्षण हाच होता, आणि तो सुंदर होता. घरामागून घर होत गेलं. अंडी, पीठ, वाइन, आशीर्वाद. बायका पोरांना उचलून दाखवत होत्या.

मग त्याची गल्ली आली.

कोपऱ्यावर त्सोना आजी उभी होती. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, आणि कोणत्या अंगणात कधी किती जोरात घंटा वाजली हे सांगणारी. "मोठ्या कुकेरच्या अंगणात दणका मोठा झाला पाहिजे रे!" ती काठी आपटत ओरडली. मागे पोरंटोरं, पाहुणे, सगळं गाव.

स्तामेन थांबला. सगळे थांबले. मुखवट्याच्या आत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आता जर फाटकात उडी मारली तर गाव खूश. आणि रोजचं फरशीवर बसणं, बुटाजवळचा तो तुकडा, सगळं वाहून जाणार. पुन्हा तो बघणार माझ्याकडे तसं.

कुकेरनं बोलायचं नसतं. स्तामेन बोलला नाही. त्यानं कमरेच्या घंटा दोन्ही हातांनी कवटाळून पोटाशी धरल्या, जशी एखादी बाई झोपलेलं तान्हं धरते, आणि गुडघे वाकवून, चवड्यांवर, आपल्या गल्लीतून चालायला लागला.

मागे कुणी हललं नाही. मग एक घंटा कण्हली आणि दबली. व्लाइकोनं आपल्या घंटा धरल्या होत्या. "अरे धरा की!" तो मुखवट्यातून कुजबुजला; नियम मोडणारा गावात तोच पहिला. "मुर्जो उठेल."

एकामागून एक सगळ्यांनी धरल्या. ज्यांचे हात पुरेनात त्यांनी कडेच्या गंजीतलं गवत उपसून घंटांत कोंबलं, गुराखी कोंबतात तसं. आणि ती शिंगादातांची पलटण, एकमेकांना हळू, हळू करत, चवड्यांवर स्तामेनच्या घरावरून गेली. पोरांनी तोंडं दाबून धरली होती. दोन्का फाटकात ओठांवर बोट ठेवून उभी होती. तिनं अंड्यांची टोपली स्तामेनच्या पुढ्यात धरली, पण त्याचे हात मोकळे नव्हते, म्हणून ती व्लाइकोच्या शिंगात अडकवली.

"अगं, आणि या घरातली इडापिडा?" त्सोना आजीनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"राहू दे, आजी," दोन्का हळूच म्हणाली. "आमचं दोघांचं चाललंय, त्यात तिचंही चालेल."

त्सोना आजीनं जरा विचार केला. मग तिनं काठी आपटायची थांबवून काखेत धरली आणि तीही चवड्यांवर चालायला लागली.

चौकात रिवाजाप्रमाणे नांगर धरून, गव्हाचे दाणे फेकून स्तामेननं मोठ्या कुकेरचं काम पूर्ण केलं. सूर्य कलला. आता फक्त नाच उरला होता, आणि साखळीनाचाची पहिली जागा मोठ्या कुकेरची. त्यानं विहिरीवर तोंड धुतलं, कातडं सुतारशाळेतच ठेवलं आणि सदरा बदलायला घरी आला. बोकडाचा वास मात्र अंगाला चिकटलाच होता.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. स्तामेन आत गेला नाही. मागच्या पायरीवर बसला, तिरका, आणि परसातल्या मनुकांच्या झाडांकडे बघत राहिला. खिशात चीज नव्हतं; तो विसरला होता. पायरीवर नखांचा आवाज आला आणि थांबला. स्तामेननं मान वळवली नाही. मुर्जोनं त्याची बाही हुंगली. बराच वेळ हुंगली. बोकड, धूर, घाम, सगळं एकेक करून वाचलं. मग जोरात शिंकला, कानापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं, एक चक्कर मारली आणि धपकन स्तामेनच्या मांडीला पाठ टेकून बसला. आणि मग त्या मांडीवरच डोकं टाकून आडवा झाला.

स्तामेनच्या डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी त्याला सर्दी वगैरे काही सुचलं नाही.

फाटकात व्लाइको उगवला. "अरे चल, ढोलवाले खोळंबलेत. पहिली जागा तुझी, नाच सुरू कसा करायचा?"

"हळू बोल."

"अरे पण..."

"मला येता यायचं नाही," स्तामेन कुजबुजला. "झोपलाय तो."

दोन्कानं पायरीवर येऊन दोघांकडे बघितलं. मग अंगावरचा ॲप्रन सोडून खुंटीला अडकवला, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि व्लाइकोच्या हातातला, पुढे नाचणाऱ्यानं फिरवायचा लाल रुमाल घेतला. "पहिली जागा आमच्या घराची आहे ना? मग मी जाते. लग्न झाल्यापासून याच्या मागे नाचतेय, एकदा पुढे नाचून बघते."

थोड्या वेळानं चौकातून ढोल वाजायला लागला. मुर्जोचा उभा कान हलला. एक डोळा अर्धा उघडला, स्तामेनकडे बघून पुन्हा मिटला. स्तामेनच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यानं पाय हलवला नाही.